मॅडम, त्या लाल गोलांबद्दल

मॅडम, नमस्कार.

नोकरी सोडताना तुमचे आभार मानायचे राहून गेले. आज सगळ्यांसमोर मानतोय, म्हणजे अनोळखी ग्राहकाला पहिली मेल लिहायला बसलेल्या आणखी कुणाला तरी उपयोग होईल.

गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आपण विकायचो. माझी पहिली कोल्ड मेल, म्हणजे ओळख नसलेल्या ग्राहकाला आपणहून लिहिलेली मेल, तुम्ही प्रिंट काढून आणायला लावलीत आणि काही न बोलता 'आम्ही', 'आमचं', 'आमच्या'भोवती लाल पेनाने गोल करत गेलात. चौदा गोल झाले. 'तुम्ही' एकदाच आलं होतं, तेही 'तुम्ही अर्धा तास कधी देऊ शकाल?' या वाक्यात. "वाचणारा माणूस कुठे आहे यात?" एवढंच विचारलंत.

विषयात मी 'रि:' लिहिलं होतं, आधीपासून बोलणं चालू आहे असं वाटावं म्हणून. ते तुम्ही खोडलंत. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम या व्यापारी मेलबद्दलच्या कायद्यात फसवा विषय लिहायला मनाईच आहे, हे मला नंतर कळलं. तुमचं कारण साधं होतं: ज्याच्याकडून पैसे घ्यायचे, त्याच्याशी पहिला शब्दच खोटा कसा बोलायचा?

मग ज्या कंपनीला मेल जाणार होती, तिची नोकरभरतीची जाहिरात तुम्ही मला वाचायला लावलीत आणि आपण मिळून चार ओळी लिहिल्या:

'रात्रपाळीसाठी तुम्ही दोन स्टोअरकीपर शोधताय, असं जाहिरातीत वाचलं. रात्री आलेला माल सकाळपर्यंत नोंदीत चढत नाही, अशी अडचण आहे का? असल्यास दुसऱ्या एका गोदामाने ती कशी सोडवली, ते थोडक्यात कळवतो. नसल्यास तसं सांगा, पुन्हा त्रास देणार नाही.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'नोंदी वेळेवर होतात. घोळ परत आलेल्या मालाचा आहे. त्यावर काही आहे का?' आपला अंदाज चुकला होता, पण नेमका होता, म्हणून समोरच्याला तो दुरुस्त करावासा वाटला. 'आपला व्यवसाय वाढवू' या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काय असतं?

यादीतल्या सगळ्यांना एकदम मेल सोडायला तुम्ही कधीच परवानगी दिली नाहीत, दिवसाला वीसच. तेव्हा मला ते फार हळू वाटायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं, म्हणजे हजारात तीनही नकोत. तेव्हा तुमचे ते वीस आठवले.

पाठपुराव्याच्या मेलमध्ये 'माझी मेल पाहिलीत का?' असं मी आता लिहीत नाही. सांगण्यासारखं नवं काही असेल तरच लिहितो. तिसऱ्या मेलनंतर थांबणं मात्र अजून जड जातं. परवाही चौथी लिहून ठेवली होती. सकाळी पुन्हा वाचली, तिच्यात नवं काहीच नव्हतं, म्हणून काढून टाकली.

मनापासून आभार, मॅडम.

आपला,
तुमच्या टीममधला तेव्हाचा नवा मुलगा