भुताला त्याची हद्द असू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'मुंज्या' ७ जून २०२४ ला आला आणि आमच्या पिंपळावरचं भूत देशभर पोचलं. मला तो चित्रपट आवडला. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला की तो मुंज्या होतो, लग्नाची वासना राहते, हे कोकणात कुणीही सांगेल. चित्रपटाने त्याच धाग्यावर गोष्ट उभी केली. त्याच्या यशानंतर मात्र मोबाइलवर जे 'कोकणातले भयपट' दिसतात, त्यांत हडळ, जखीण, खवीस, गिरा सगळे एकाच साच्यातले: मोकळे केस, पांढरे डोळे आणि दर दहा मिनिटांनी एक मुडदा.

आमच्याकडे प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. गिरा पाण्यात, चकवा वाटेवर, देवचार गावच्या शिवेवर. चकवा कुणाला मारत नाही. रात्री घराकडे निघालेला माणूस त्याच बांधाला वळसे घालत राहतो, पायाखालची वाट ओळखीची असूनही घर येत नाही. जाणती माणसं सांगतात, धावू नको, खाली बस, उजाडू दे. रक्ताचा थेंबही न सांडता दोन तास प्रेक्षकाला धरून ठेवील अशी ही गोष्ट आहे आणि तिला कुणी हात लावत नाही.

वेताळाचं तर फारच वाईट वाटतं. पडद्यावर तो कवट्यांच्या माळा घालून गुहेत बसतो. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला जाऊन बघा. तिथे वेतोबा ग्रामदैवत आहे, माणसाच्या रूपात उभा, पुरुषभर उंचीपेक्षाही मोठा. लोक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. रात्री देव गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या चपलांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवचार-राखणदाराला वर्षाचा कोंबडा-नारळ, म्हणजे 'राखण', देतात तीही दिलेला शब्द पाळायचा म्हणून. आमची भीती या शब्दाची आहे. आजोबांनी कबूल केलेली राखण मुंबईतल्या नातवाने थांबवली, तर पुढे काय? पटकथा इथे सुरू होते.

आणि अलवंतीण! बाळंतपणात गेलेली बाई ती. दवाखाना खाडीपलीकडे, रात्रीची होडी नाही, अशा काळात घराघरांतून बायका अशा गेल्या. त्यांचं दुःख आणि मागे राहिलेल्यांचा अपराधीपणा त्या गोष्टींत आहे. तिला पुरुषांना भुलवणारी नटवी करून टाकणं मला, एक बाई म्हणून, सहन होत नाही.

अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा वाढते असं काहीजण म्हणतात. भुताच्या गोष्टीने ती वाढते असं मला वाटत नाही. पण झपाटलेल्या बाईला खांबाला बांधून भगत फटके मारतो आणि ती बरी होते, हे दृश्य अजूनही बिनदिक्कत दाखवतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ते दृश्य वगळाच.

नवीन भूत रचायला माझी हरकत नाही. २०१८ च्या 'तुंबाड'मधला हस्तर लेखकांच्या कल्पनेतला आहे, आणि तोही हद्दीत बांधलेला आहे, लोभाला चटावलेला आहे. म्हणून तर अनेकांना तो आपल्या जुन्या दैवतांपैकी वाटला. रचणाऱ्याला नियम कळलेला होता.

आपल्याला एक विनंती आहे. गणपतीला चाकरमानी गावी येतात, घरं भरतात, म्हातारी माणसं बोलती होतात. त्या दिवसांत आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग आवृत्तीत या गोष्टींसाठी रोज अर्धा रकाना द्यावा. गोष्ट सांगणाऱ्याच्या बोलीतच छापावी, मालवणी असेल तर मालवणी, संगमेश्वरी असेल तर संगमेश्वरी, आणि खाली गावाचं नाव जरूर द्यावं. म्हणजे चित्रपट करणाऱ्याला कुठल्या गावात जाऊन विचारायचं ते कळेल.

आपली,
एक वाचक, वेंगुर्ला