केमिस्टच्या खलातलं कोल्ड क्रीम

प्रिय मित्रा,

सनविवि वगैरे आपल्यात नको, थेट मुद्द्यावर येतो. पूर्वी छोट्या गावातला केमिस्ट स्वतःच क्रीमं नि सुगंध करायचा, सगळं नैसर्गिक, म्हणून निर्धोक, असं तू लिहिलंस. ते ‘म्हणून’ मला खटकलं. पण आधी त्याच्या हाताचं कौतुक करू दे.

कोल्ड क्रीमच घे. मूळ कृती दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याच्या नावावर आहे. मधमाश्यांचं मेण, तेल नि गुलाबपाणी, बस. पण तेला-पाण्याचं कधी पटलंय? क्रीम फुटायचं. पुढे त्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आला. मेणातल्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन थोडा साबण बनतो आणि तो दोघांना धरून ठेवतो. केमिस्ट एका भांड्यात मेण नि बदामतेल साधारण ७० अंशांपर्यंत तापवायचा, दुसऱ्यात टाकणखार विरघळवलेलं गुलाबपाणी तितकंच गरम करायचा. पाणी गार राहिलं की मेण थिजून कणी पडते. मग बारीक धार धरायची आणि निवेपर्यंत घोटत राहायचं. पिवळसर तेल बघता बघता पांढरंशुभ्र होतं. अत्तराचे थेंब अगदी शेवटी, कोमट झाल्यावर, नाहीतर वास उडून जातो.

अडचण एकच, बदामतेल खवट होतं. म्हणून तो थोडं थोडंच करायचा. कारखान्याला हे परवडणारं नव्हतं, तिथे खवट न होणारं खनिज तेल आलं. हॅम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने १९११ साली टिकाऊ निव्हिया काढलं. गंमत म्हणजे ती कंपनीही मुळात एका औषधविक्रेत्यानेच सुरू केलेली.

सुगंधाचं काम त्यामानाने सोपं. बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ), लिंबू, नारिंगाची फुलं, रोझमेरी यांची तेलं मद्यार्कात घालायची, मद्यार्काचा उग्रपणा मरेपर्यंत काही आठवडे मुरू द्यायची आणि गाळायची. झालं कोलन वॉटर. एके काळी लोक ते औषध म्हणून पीतही. १८१० साली नेपोलियनने गुप्त औषधांची कृती सरकारला कळवण्याचा हुकूम काढला, तेव्हा कृती फोडण्यापेक्षा ‘हे औषध नाही, सुगंध आहे’ म्हणणं कोलनवाल्यांना सोयीचं वाटलं. धंदा कळतो तो असा!

आता तुझ्या ‘म्हणून’कडे येतो. चेहऱ्याच्या पावडरीत सफेदा, म्हणजे चक्क शिसं. केस काळे करायच्या पाण्यात पुन्हा शिसंच. वांग घालवायच्या मलमात पारा. हे सगळं त्याच कपाटातून, त्याच तराजूवर तोललं जायचं. माणूस प्रामाणिक असला तरी शिसं अंगात भिनायचं थांबत नाही. अमेरिकेतसुद्धा सौंदर्यप्रसाधनं केंद्रीय कायद्याखाली आली ती थेट १९३८ साली.

तरी करून बघायचंच असेल तर कोल्ड क्रीमच कर. छोटी वाटीभर कर, कोरड्या चमच्याने काढ, फ्रिजमध्ये ठेव, आणि वास बदलला की हळहळ न करता फेकून दे. टाकणखार मात्र अंदाजाने घालू नकोस, आधी मला विचार.

तुझाच,
जुना दोस्त