आत्या, त्या सात आठवड्यांसाठी

प्रिय आत्या,

तुला मोबाईलवर एवढं लांबलचक वाचवत नाही माहितीये, रविवारी फोन करून वाचून दाखवीनच, पण तरी सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलं कारण फोनवर आभार मानायला लागलो की तू "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं.

मागच्या वर्षी मे मध्ये पोराचा डिप्लोमा संपला, चाकणला अप्रेंटिसशिप लागली आणि जॉइनिंगला सात आठवडे होते. आमच्या घरात तयारी म्हणजे नवीन बॅग, सेफ्टी शूज, मोबाईलचा रिचार्ज. तू मात्र एकच विचारलंस, "त्याला भात लावता येतो का?" मी म्हणलं आत्या तिथं कंपनीचं कॅन्टीन आहे, रूमवर डबा लावता येतो. त्यावर तू म्हणालीस, "कॅन्टीन एका वेळेचं. डबेवाली आजारी पडली की मग? कराडला पाठव त्याला, आणि तुम्ही दोघं येऊ नका." खरं सांगतो, तेव्हा मला ते पटलं नव्हतं, पोरगं आता कायमचं बाहेर पडणार आणि शेवटची सुट्टी पण आमच्याजवळ नाही म्हणून हिला तर खूप वाईट वाटलेलं.

तू स्वयंपाकापासून सुरुवात केलीच नाहीस. पहिल्या दिवशी हातात ५०० रुपये देऊन मंडईत पाठवलंस, आठवड्याची भाजी आण म्हणून, आणि तो दोन किलो पिकलेले टोमॅटो घेऊन आला कारण स्वस्त होते. तू काही बोलली नाहीस. चौथ्या दिवशी ते मऊ पडले तेव्हा त्यालाच बसवून चांगले वेगळे काढायला लावले आणि मग सांगितलंस की आज खायचा तो पिकलेला घ्यायचा, चार दिवसांनी खायचा तो कडक, भेंडीचं टोक मोडून बघायचं, कांदे बटाटे एका टोपलीत ठेवायचे नाहीत. रोज रात्री झोपायच्या आधी वहीत खर्च आणि खाली एक ओळ, उद्या काय करायचं. तू म्हणायचीस की शिजवणं सोपंय, उद्या काय हे ठरवणं अवघड आणि घरातली बाई आयुष्यभर ते एकटीच ठरवत असते. हे वाक्य त्यानं वहीत लिहून ठेवलंय, मी वाचलं.

आणि ती तुझी खुर्ची. ओट्याशेजारी खुर्ची टाकून हात मांडीवर ठेवून बसायचीस, काही झालं तरी हात लावायचा नाही. हे किती अवघड असतं ते मला आता कळतंय, कारण आपण पालक काय करतो, पोरगं जरा चुकायला लागलं की "दे इकडे" म्हणून हातातलं उलथनं काढून घेतो आणि मग त्याला काही येत नाही म्हणून तक्रार करतो. तू त्याला चुकू दिलंस. हळद आधी टाकून फोडणी काळी झाली तर तीच आमटी दोघांनी जेवलात, आणि मग सांगितलंस तेल तापलं की मोहरी, ती पूर्ण तडतडू दे, मग जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि हळद अगदी शेवटी कारण ती लगेच जळते, लागलीच डाळ ओतायची. कुकर लावला की एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, झाकणाची रिंग बघायची, शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून बघायचं, आणि वाफ आपोआप जाईपर्यंत झाकण ओढायचं नाही, कितीही भूक लागली तरी. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी मारायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची की दुसऱ्या दिवशी मोड. चपात्या त्याला शेवटपर्यंत गोल जमल्या नाहीत पण फुगतात, आणि तू म्हणालीस पोटात गेल्यावर आकार कोण बघतंय.

जेवण झाल्यावर भांडी त्याचीच, ओटा पुसणं, मोरी घासणं, जाळीत अडकलेलं खरकटं हातानं काढणं पण त्याचंच. ही शिकवण मला सगळ्यात मोलाची वाटते कारण स्वयंपाक शिकलेली पोरं पण भांडी दुसऱ्यावर टाकून उठतात आणि वर कौतुक घेतात. कपड्यांचं पण, रंग जाणारे वेगळे भिजवायचे, कॉलरला आधी साबण लावून ठेवायचा, हळदीचा डाग धुवून कडक उन्हात वाळत टाकायचा म्हणजे उडतो.

गॅसचं तर तू त्याच्याकडून पाठ करून घेतलंस. वास आला की लाईटचं बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही, काडी पेटवायची नाही, रेग्युलेटर बंद, दारं खिडक्या उघड्या, बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो म्हणून तू त्याला खाली बसून, वाकून वास घ्यायला लावायचीस. नळीवर वर्ष छापलेलं असतं ते वाचायचं आणि पाच वर्षं झाली की बदलायची. हे एवढं तर मलाही पन्नाशीत आल्यावर माहीत झालं.

एका संध्याकाळी त्यानं तुला विचारलं की आजी तू मला एवढं का शिकवतेस, आणि तू लालबागचं सांगितलंस. आम्हाला घरात ते कधी पूर्ण सांगितलं नव्हतंस. लग्न होऊन गेलीस तेव्हा सासूबाई खानावळ चालवायच्या, आपल्या साताऱ्याकडचे, कोकणातले गिरणी कामगार, बायका पोरं गावाला आणि हे दहा बारा जण एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे, त्यांच्या चपात्या पहाटे चारपासून तू लाटायचीस. १९७५ ला प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा सासूबाई त्यात गेल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं म्हणून वाण्याकडची उधारी फिटली. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, पगार बंद, खानावळीचे पैसे थकले, सासूबाईंचं किराण्याचं परत अडलं. बरेच जण गावाला गेले, जे खोलीत राहिले ते चहा पावावर राहिले. तू सांगितलंस की ज्या माणसांनी आयुष्यभर मशिनी चालवल्या त्यांना हातात मूठभर तांदूळ दिला तर त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ते बघितल्यापासून तू ठरवलेलंस की आपल्या घरातलं पोर असं बाहेर पाठवायचं नाही.

माझ्या वेळी तू मुंबईत होतीस, आई गेल्यामुळे घरात शिकवणारं कुणी नव्हतं. पुण्यात शिकायला होतो तेव्हा रविवारी दुपारी मेसला फीस्ट असायची आणि रात्री मेस बंद, दर रविवारी रात्री मी बिस्किटं खाऊन झोपलोय. तेव्हा त्यात काही कमी आहे असं वाटलंच नाही, सगळी मुलं तशीच झोपायची.

आता चाकणचं सांगतो म्हणजे तुला कळेल की तुझे सात आठवडे कुठं पोचले. चौघं जण एका खोलीत, चौघांच्या शिफ्ट वेगळ्या, पाच किलोचा छोटा सिलिंडर, एक शेगडी. ऑगस्टमध्ये त्यातल्या एकाला, नांदेडच्या मुलाला, ताप आला, डॉक्टरनी हलकं खायला सांगितलं. बाहेरचं सगळं तेलकट तिखट, डब्यातलं त्याला बघवत नव्हतं. आपला पोरगा फर्स्ट शिफ्ट करून यायचा आणि मऊ भात करायचा, तांदूळ मूग डाळ भाजून, पाणी जास्त, वर मीठ आणि थोडं तूप, तू त्याला मागं त्याचं पोट बिघडलेलं तेव्हा करून घातलेलास ना तसा. पाच दिवस. सहाव्या दिवशी त्या मुलाच्या आईचा मला फोन आला, नंबर त्यानंच दिलेला, ती माऊली रडत होती, म्हणाली दादा तुमच्या मुलाला कुणी शिकवलं हो. मी तुझं नाव सांगितलं.

आता ती बाकीची दोघं पण शिकतायत. भिंतीवर कागद लावलाय, कुणाची भांडी कुठल्या दिवशी. वही चालू आहे, किराणा चौघांत वाटून घेतात आणि रोज खाली "उद्या काय" ची ओळ असते, अक्षर वेगवेगळं.

आत्या, तू त्याला फक्त जेवण बनवायला शिकवलं असतंस तरी मी आभार मानले असते. पण तो घरी आला की आधी आईला विचारतो "उद्या काय करायचंय, मी ठरवू का", आणि ही अठ्ठावीस वर्षांनी एक दिवस काही न ठरवता झोपते. ते बघून मी पण सुरुवात केलीये, सकाळचा भाजीचा कुकर आणि रात्रीची भांडी माझी. धाकटी आता नववीत आहे, तिला येत्या मे मध्ये तुझ्याकडे पाठवायचं म्हणतोय, आम्ही येणार नाही, तुझी अट लक्षात आहे. मुलगी आहे म्हणून तिला आपोआप येईल असं धरून बसलो होतो आम्ही, ते पण चुकीचंच होतं.

आणि एक. मागच्या वेळी पोरगा तुझ्याकडे येऊन गेला तेव्हा तुझ्या शेगडीची नळी वाचून आलाय, २०१८ ची आहे. गुरुवारी सुट्टी आहे त्याला, नवीन घेऊन येतोय, तोपर्यंत रात्री रेग्युलेटर बंद करून झोपत जा.

तुझा,
भाचा