भंगाराचा ट्रक परत पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तळोजा एमआयडीसीतल्या भट्ट्या, कळंबोलीचा लोखंड बाजार आणि शिळफाट्याकडची भंगाराची गोदामे यांच्यावर आपल्याकडची कितीतरी घरे चालतात. माझेही पोट याच धंद्यावर आहे, म्हणून किरणोत्सारी भंगाराबद्दल लिहितो आहे.

लोकांना भीती वाटते ती अणुप्रकल्पांतून निघणाऱ्या लोखंडाची. पण असे लोखंड मोजणी करूनच बाहेर सोडायचे असते. आंतरराष्ट्रीय निकष असा की, सोडलेल्या मालामुळे कोणालाही वर्षाला किरणोत्सर्गाची साधारण १० मायक्रोसिव्हर्टपेक्षा (अंगावर येणारा किरणोत्सर्ग मोजायचे एकक) जास्त मात्रा मिळू नये. निसर्गातूनच आपल्याला वर्षाकाठी सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात, यावरून अंदाज यावा. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूसाठी तर मर्यादा ग्रॅममागे ०.१ बेकरेल (माल किती किरणोत्सारी आहे ते मोजायचे एकक) इतकी कडक आहे. अमेरिकेने त्याहूनही पुढे जाऊन जुलै २००० मध्ये आपल्या ऊर्जा खात्याच्या किरणोत्सारी क्षेत्रांतले भंगार पुनर्वापरासाठी सोडणेच थांबवले. तिथल्या पोलाद उद्योगालाच ते नको होते.

आपल्याकडे घात झाला तो दुसऱ्याच वाटेने. २०१० साली दिल्ली विद्यापीठाने प्रयोगशाळेतले जुने गॅमा उपकरण भंगारात लिलावात काढले. मायापुरीत ते फोडले गेले, आतला कोबाल्ट-६० उघडा पडला, एक कामगार दगावला आणि इतर अनेकजण गंभीर आजारी पडले. त्यांना आत काय आहे हे सांगणारे कोणीच नव्हते. असल्या उपकरणाभोवती शिसे असते आणि शिशाला लोखंडापेक्षा भाव जास्त. म्हणजे ज्या आवरणाने माणूस वाचायचा, तेच आधी काढले जाते! त्याआधी २००८ मध्ये भारतीय पोलादापासून बनवलेली लिफ्टची बटणे फ्रान्समध्ये किरणोत्सारी निघाली होती. कोबाल्ट वितळलेल्या पोलादातच मिसळतो, सीझियम-१३७ हा दुसरा किरणोत्सारी धातू बहुतांशी धुरात आणि धुळीत जातो. एकदा भट्टीत पडल्यावर दोन्ही परत वेगळे काढणे कोणाच्याही आवाक्यातले राहत नाही.

काही मोठ्या कारखान्यांच्या गेटवर किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रणा असते. ती वाजली की काय होते, हा माझा मुद्दा आहे. कारखान्याच्या दृष्टीने सोपा उपाय म्हणजे ट्रक परत पाठवणे. पण ट्रकवाल्याच्या डोक्यावर मालाचे पैसे आणि डिझेलचा खर्च असतो. तो माल घेऊन घरी जाणार नाही, जिथे मीटर नाही अशा छोट्या भट्टीकडे वळेल. ज्याने पकडला त्याची सुटका झाली, पण धोका मात्र यंत्रणा नसलेल्यांच्या अंगावर गेला.

म्हणून नियम स्पष्ट हवा: यंत्रणा वाजली तर ट्रक बाजूला, माणसांपासून दूर उभा करायचा, अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचे आणि त्यांचा माणूस येईपर्यंत ट्रकला हात लावायचा नाही. कळवणाऱ्या भंगारवाल्यावर लगेच संशय घेऊ नये आणि मालाची भरपाई त्याच्या पदरात पडावी. खर्च उपकरणाच्या मूळ मालकाकडून वसूल करावा, आणि तो सापडला नाही तर सरकारने सोसावा. चौकशीचा आणि नुकसानीचा धाक असेल तर कोणीही फोन करणार नाही, हे मी या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

गेटवरच्या यंत्राने सगळे भागत नाही. शिशाचे आवरण शाबूत असेल तर यंत्र गप्प राहू शकते. आकाराच्या मानाने भलतीच जड पेटी दिसली, किरणोत्सर्गाच्या धोक्याची तीन पात्यांची खूण दिसली, तर गॅस कटर लावायचा नाही, एवढे कटिंगवाल्या पोरांना शिकवायला एक दुपार पुरते. आणि ते त्यांना समजेल अशा हिंदी-मराठीत शिकवावे.

नियामक मंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगरला आहे, खाडी ओलांडली की आलेच. मंडळाने, एमआयडीसीने आणि महापालिकांनी एकत्र येऊन सुरुवात कळंबोली आणि तळोजापासून करावी. प्रत्येक वजनकाट्यावर ती खूण आणि चोवीस तास उचलला जाणारा एक फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा.

आपला,
एक वाचक, कळंबोली, नवी मुंबई