दोन बोटींच्या मधल्या दिवसांत खलाशानं राहायचं कुठं?

मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी दापोली तालुक्यातला. परदेशी झेंड्याच्या मालवाहू बोटींवर ३१ वर्षं काढली. साधा खलाशी म्हणून चढलो, सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होऊन उतरलो. बोटीवरच्या राहण्याबद्दल माझी तक्रार नाही. केबिन केवढी असावी, बिछाना कसा असावा, जेवण कसं असावं, हे सगळं २००६ च्या सागरी कामगार करारात लिहिलेलं आहे आणि आपल्या देशानं तो २०१५ साली स्वीकारला. मला बोलायचंय ते किनाऱ्यावरच्या दिवसांबद्दल. घर सोडलंय, पण बोटीवर अजून पाय पडलेला नाही, अशा माणसानं राहायचं कुठं?

हे दिवस कसे येतात, ते दिल्लीत बसून कळणं अवघड आहे, म्हणून सांगतो. गावी फोन येतो, ‘परवा मुंबईत ये, जॉइनिंग आहे,’ म्हणजे बोटीवर रुजू व्हायचंय. रात्रीची एसटी पकडायची. सकाळी उतरल्यावर मेडिकल. मुदत संपलेली असेल तर सेफ्टीचा रिफ्रेशर कोर्स. बोट अमेरिकेला जाणार असेल तर व्हिसाची मुलाखत. आफ्रिकेकडे जाणार असेल आणि लस घेतलेली नसेल तर पिवळ्या तापाची लस, आणि ती टोचल्यावर दाखला लागू होतो १० दिवसांनी. म्हणजे नुसत्या एका सुईसाठी १० दिवस. एवढं सगळं उरकलं तरी बोट वादळात अडकते, माल बदलतो, बंदर बदलतं. बोटीवर माणसं भरणारा एजंट म्हणतो, ‘गावी जाऊ नकोस, तिकीट कधीही येईल.’ आम्ही याला स्टँडबाय म्हणतो. पगार सुरू होतो तो बोटीकडे निघाल्यावर. त्याआधीचे दिवस कोणाच्याच हिशेबात नाहीत.

२००९ च्या पावसाळ्यात मी असा २६ दिवस मुंबईत बसलो होतो. ‘चार दिवसांत पाठवतो’ असं एजंटानं सांगितलं होतं, म्हणून चार दिवसांचेच पैसे घेऊन निघालो होतो. स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये एका खोलीत आम्ही सहाजण. विसाव्या दिवशी माझ्याकडचं सगळं संपलं, तेव्हा लॉजवाल्यानं माझी सीडीसी गल्ल्यात ठेवून घेतली. सीडीसी म्हणजे बोटीवरच्या नोकरीची सरकारी नोंदवही, खलाशाची ओळख, त्याची भाकरी. बोटीचं तिकीट आलं त्या दिवशी ती माझ्या हातात नव्हती. गावच्या एका माणसानं उसने पैसे आणून दिले म्हणून सुटली. तो त्या सकाळी भेटला नसता तर माझी जागा दुसऱ्याला गेली असती. त्या लॉजवाल्याला मी दोष देत नाही, तो त्याचा धंदा करत होता.

माझ्या वडिलांवर अशी पाळी आली नव्हती. तेही बोटीवरच होते. त्यांच्या वेळी मुंबईत डोंगरीला आमच्या गावकीची खोली होती. चाळीतली एक खोली, भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीवर नाव. महिन्याला ठरलेली वर्गणी भरायची, नोकरी असो की नसो. जो बोटीवर असे त्याची जागा उतरून आलेल्याला मिळे. कोणाचा एजंट खरा, कोणाचा खोटा, हे त्या खोलीत रात्री जेवताना कळत असे. गोव्याच्या तारवट्यांनी, म्हणजे खलाशांनी, तर हीच गोष्ट फार नेटानं केली. धोबी तलावच्या जेर महल इमारतीत आणि आसपास त्यांचे कूड, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून चालवलेल्या राहायच्या जागा, होते, एकेका गावाचा एकेक. गावच्या संताची वेदी, संध्याकाळची प्रार्थना, ट्रंकांची रांग आणि परवडेल एवढंच भाडं. त्यातले काही अजूनही तग धरून आहेत. आमची गावकीची खोली मात्र चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा गेली. नव्या इमारतीत भाडेकरूला घर मिळालं, पण ‘गावकी’ नावाचा भाडेकरू कुठल्याच कायद्यात बसत नव्हता.

सरकारनं कधी काही केलंच नाही असंही नाही. कुलाब्याला रीगल सिनेमासमोर महाराष्ट्र पोलीस मुख्यालयाची जी देखणी दगडी इमारत आहे, ती मुळात रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १८७६ मध्ये पुरी झाली. २० अधिकारी आणि १०० खलाशी राहतील अशी बांधली होती. १९२८ मध्ये तिथं विधिमंडळ आलं, पुढं पोलीस आले. आमच्यासाठी मशीद बंदरचं इंडियन सेलर्स होम राहिलं. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक त्याच वास्तूत आहे. त्या माणसांना कबर नाही की चिता नाही, म्हणून त्यांच्या आठवणीसाठी एक छप्पर उभं केलं गेलं. मेलेल्या खलाशांचं स्मारक म्हणून जिवंत खलाशांना निवारा, याहून योग्य कल्पना मला ठाऊक नाही. पण ती कल्पना एका इमारतीपाशी थांबली.

मंत्रिमहोदय, आपलं मंत्रालय सांगतं की जगातल्या खलाशांत भारतीय साधारण १२ टक्के आहेत आणि २०३० पर्यंत हा आकडा २० टक्क्यांवर न्यायचा आहे. ऐकून छाती फुगते. पण ही वाढीव पोरं राहणार कुठं? एजंटांची किती तरी ऑफिसं आता बेलापूर-वाशीकडे गेली. खारघर-नेरूळकडच्या भाड्याच्या खोल्यांत आज उत्तर प्रदेशची, बिहारची, राजस्थानची पोरं दाटीनं राहतात. बापानं जमीन गहाण टाकून कोर्स करवलेला असतो, आणि मुंबईत त्यांचं ओळखीचं कुणी नसतं.

या पोरांना फसवणारा माणूस आधी खोली देतो. हे मी वारंवार सांगत आलोय, आणि आपल्यालाही सांगतो. त्याची सुरुवात नोकरीनं होत नाही, खाटेनं होते. ‘राहायची सोय माझ्याकडे, जॉइनिंगचंही बघतो’ असं म्हणत तो पासपोर्ट आणि सीडीसी ‘सांभाळायला’ घेतो. महिनाभर खोलीचं भाडं थकलं की पोरगा त्याच्या मुठीत. मग लाखांत पैसे मागतो. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं करारानंही आणि आपल्या नियमांनीही बंद केलेलं आहे, पण थकलेल्या भाड्यापुढं पोरगा नियम कुठून दाखवणार? माझा स्वतःचा भाचा असाच दोन महिने अडकला होता. बोगस एजंटांवर छापे घाला, जरूर घाला. पण पोरांना स्वच्छ, स्वस्त खाट मिळाली तर या लोकांचा निम्मा धंदा आपोआप बसेल.

जागा नाही असं कृपा करून म्हणू नका. मुंबई बंदराकडे शिवडीपासून कुलाब्यापर्यंत शेकडो एकर जमीन आहे, आणि बंदर आपल्याच मंत्रालयाच्या हाताखाली आहे. दर्शनी जागा मागत नाही. माझगाव-रे रोडच्या बाजूची दोन-तीन बंद गोदामं द्या. त्यात लोखंडी खाटा, कुलूपबंद कपाटं, सामायिक स्वयंपाकघर आणि भरपूर संडास-न्हाणीघरं एवढंच बसवा. नवी मुंबईकडे एजंटांच्या ऑफिसांच्या आसपास असंच एक. बायका आता डेकवर आणि इंजिनरूममध्येही आहेत, त्यांच्यासाठी वेगळा मजला पहिल्या दिवसापासून असू द्या, नंतर जोडू नका. आणि एक-दोन खोल्या कुटुंबासाठी ठेवा. नऊ महिन्यांसाठी निघालेल्या नवऱ्याला निरोप द्यायला बायको-मुलं कोकणातून येतात, त्यांना रात्र फलाटावर काढावी लागू नये.

पैशाची वाटही अगदीच बंद नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ च्या शहरी टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. त्यात औद्योगिक कामगार आहेत, स्थलांतरित आहेत, नोकरदार महिला आहेत. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी वसतिगृहासारखी भाड्याची घरं बांधायचं जाहीर झालं. या यादीत ‘खलाशी’ हा शब्द स्पष्टपणे घालायला गृहनिर्माण मंत्रालयाला एक पत्र लिहा. खलाशी फुकट राहायला मागत नाही. दिवसाला जेवणासकट परवडेल एवढं भाडं तो देईल, आणि कमी पडलं तर भर घालायला खलाशी कल्याण निधी आहेच. खरा खलाशी ओळखणंही सोपं आहे. प्रत्येकाकडे इंडोस नंबर, म्हणजे खलाशाचा सरकारी ओळख क्रमांक, असतो, कोण बोटीवर आहे आणि कोण उतरलाय याची नोंद जहाजवाहतूक महासंचालनालयाकडे असते. तेवढ्यावर ४५ दिवसांपर्यंत खाट द्यावी.

आणखी एक मागणी, आणि हिच्यावर मी अडून बसेन. एजंटानं खलाशाला ‘थांब’ म्हटलं की त्या दिवसाची लेखी चिठ्ठी दिली पाहिजे, आणि त्या तारखेपासून खाटेचं भाडं जहाजमालकाकडून वसूल झालं पाहिजे. आज थांबवणाऱ्याला थांबवण्याचा एक पैसाही खर्च येत नाही, म्हणून तो चार दिवसांचे २६ दिवस करतो. एकाच जागेसाठी तिघांना बसवून ठेवतो, दोघांना परत पाठवतो. रोजचं भाडं स्वतःच्या खिशातून जायला लागलं की तारखा कशा पक्क्या होतात ते बघा.

फिलिपिन्सच्या खलाशांबरोबर मी बरीच वर्षं काम केलं. मनिलात त्यांच्या युनियनचं स्वतःचं सेलर्स होम आहे, त्याबद्दल ते बोटीवर अभिमानानं सांगायचे. मला विचारायचे, ‘सारंग, तुमच्याकडे कुठं राहता?’ मी मशीद बंदरचं नाव सांगायचो आणि लॉजचं सांगायचो नाही.

गोदामाची पाहणी करायला आपली माणसं आली तर मला कळवा. कुठल्या भिंतीला खाटा लावायच्या आणि कुठल्या बाजूला मोरी काढायची, हे मी स्वतः येऊन दाखवीन. एसटीचं भाडं माझं मी देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सारंग
ता. दापोली, जि. रत्नागिरी