गृहभेटीचा वेळ आम्हाला परत द्या

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका पालकांनी लिहिलं होतं की अंगणवाडीत खिचडीशिवाय काही मिळत नाही, शिकवत तर काहीच नाहीत, म्हणून खेड्यातली माणसं पोटाला चिमटा घेऊन पोरांना व्हॅनमध्ये घालून तालुक्याच्या इंग्लिश नर्सरीत पाठवायलेत. वाचून वाईट वाटलं. पण त्या पालकांचा राग नाही आला, कारण हेच बोलणं मी आमच्या गावात पारावर, पिठाच्या गिरणीवर कायम ऐकते. मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका गावात 17 वर्षं झाली अंगणवाडी सेविका आहे, पटावर सध्या 3 ते 6 वयाची 31 लेकरं आहेत, आणि निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी. म्हणून आम्ही शिकवतो कसं आणि लेकरांच्या घरी जायला वेळ का लागतो, हे थोडं सविस्तर लिहिते, शक्य झालं तर पूर्ण छापा.

आधी शिकवण्याचं सांगते. जुलैमध्ये एक वडील आले, हातात पोरीची कोरी पाटी. म्हणले, वहिनी, वर्ष होत आलं पोरगी येतीय, अजून अ सुद्धा काढता येईना, शेजारचं पोरगं एबीसीडी म्हणून दाखवतंय, तुम्ही नुसतं खेळवताय का. (मी गावची सून, त्यामुळं अर्धं गाव मला वहिनी म्हणतं.) मी म्हणलं भाऊजी, आज रानात जरा उशिरा जा, तासभर इथं बसा. बसले सतरंजीवर एका कोपऱ्यात. त्यांची पोरगी त्या दिवशी चिंचोके आणि हरभरे एकत्र केलेल्या परातीतून एकेक निवडून दोन वाट्यांत टाकत होती, मग प्रत्येक वाटीतले पाच-पाच काढून ओळीत लावले, मग उभी राहून सगळ्यांसमोर त्यांच्या घरच्या शेळीला करडू कसं झालं ते सांगितलं, हातवारे करून, रात्री कंदील कुणी धरला इथपर्यंत. वडील बघतच राहिले. घरी ही एवढी बोलत नाही म्हणले. मग मी पाटी पुढं केली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली, तिनं ती मुठीत धरली, जशी या वयाची बरीच लेकरं धरतात. मी त्यांना सांगितलं की साडेतीन वर्षाच्या लेकराच्या मनगटातली हाडं अजून पक्की झालेली नसतात, बोटात जोर नसतो, आत्ताच अ गिरवायला लावला तर ती हात दुखतो म्हणून पाटीचाच कंटाळा करेल, आणि जे चिंचोके ती चिमटीत उचलतीय ना तीच पेन्सिल धरायची तयारी आहे.

हे काही माझ्या मनचं नाही. 2020 च्या शिक्षण धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्यात पहिली तीन वर्षं अंगणवाडी-बालवाडीची आणि पुढं पहिली-दुसरी, आणि 2022 ला या टप्प्याचा जो राष्ट्रीय आराखडा आला त्यातही खेळातून, गप्पांतून, गोष्टीतूनच शिकवा असं आहे. पण हे पालकांना सांगायचं कुणी? पालक सभेत माईकवर सांगून ते डोक्यात शिरत नाही, त्या भाऊजींना शिरलं कारण त्यांनी स्वतःच्या पोरीला स्वतःच्या डोळ्यानं बघितलं. जाताना मी त्यांना एवढंच म्हणलं की घरी वहीचा होमवर्क नको, भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, गवार मोडायला द्या, भाकरी करताना तिच्या आईनं पिठाचा छोटा गोळा हातात द्यावा, आणि रात्री झोपताना पाच मिनिटं तिची गोष्ट ऐका. नंतर ऑगस्टमध्ये तेच वडील आपण होऊन आले आणि लेकरांना कडब्याच्या काड्यांच्या मोळ्या बांधायला शिकवल्या, दहा काड्यांची एक मोळी, उसाच्या वाढ्याला (शेंड्याच्या हिरव्या पाल्याला) पीळ देतात तसा पीळ देऊन. त्या दिवशी दहापर्यंत मोजणं माझ्या तक्त्यानं झालं नसतं तेवढं झालं. ज्या माणसानं जन्मभर मोळ्या बांधल्या त्याला पोरीच्या वर्गात कुणी शिकवायला बसवलं, ही गोष्ट त्याच्यासाठी किती मोठी होती ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आता एक चूक सांगते, ती माझीच. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक आई लेकराला रोज तसंच आणून सोडायची, नाक वाहतंय, केसांच्या जटा, अंगातला शर्ट कालचाच. एक दिवस चारचौघींसमोर मी तिला बोलले, की बाई पाणी तर फुकट आहे ना. ती काही बोलली नाही, लेकराचा हात धरला आणि निघून गेली, ते लेकरू महिनाभर आलं नाही. मदतनीस ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं की त्यांच्या वस्तीवरचा हातपंप उन्हाळ्यात आटलाय, ती दीड किलोमीटरवरून दोन हंडे आणते आणि त्यात सासूची आंघोळ, स्वयंपाक, जनावरं. मी घरी गेले. आधी दोन दिवस दार लोटून घेतलं तिनं, तिसऱ्या दिवशी चहा दिला. त्यानंतर मी एक नियम केला, आईला पहिलं वाक्य लेकराच्या चांगल्या गोष्टीचं सांगायचं, आज यानं डबा उघडायला मैत्रिणीला मदत केली, आज गाण्यात नाव घेतलं, आणि कमी-जास्त जे सांगायचं ते एकटीला, घरी, तिच्या ओट्यावर बसून. वजनाचंही तेच. काट्यावर लेकरू कमी भरलं की सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायची पद्धत आहे ना, ती फार वाईट, आईला वाटतं आपल्याला नापास केलं, आणि पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी ती बरोबर गावाला जाते.

आणि घरी गेल्याशिवाय लेकरू कळत नाही हे मला तांड्यावरच्या एका पोरानं शिकवलं. चार वर्षांचं, तीन महिने माझ्याकडं येत होतं पण तोंडातून एक शब्द नाही, मी रजिस्टरमध्ये बोलण्यात उशीर असं लिहायच्या बेतात होते. एका संध्याकाळी तांड्यावर गेले तर हे पोरगं आजीच्या मांडीवर बसून अखंड बडबड करतंय, गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत. आमच्या वर्गात त्याला कळणारं काही नव्हतं म्हणून ते गप्प होतं, बाकी काही नाही! मी त्या आजीला अंगणवाडीत बोलावलं, आजी पहिल्यांदा नको नको म्हणत होत्या, मला काय येतं म्हणे, मग आठवड्यातून एक दिवस येऊन त्यांच्या भाषेत गाणं म्हणायला लागल्या, सगळी लेकरं आईला याडी म्हणायला शिकली, आणि ज्या दिवशी मी स्वतः त्याला तुझी याडी कुठं गेली असं विचारलं त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याशी बोललं. आपण लेकराच्या घरची भाषा वर्गात घेतली की ते लेकरूही हळूहळू आपली भाषा घेतं.

पण साहेब, हे सगळं करायला संध्याकाळचा वेळ लागतो, आणि तोच वेळ गेलाय. मी मोबाईलच्या विरोधात नाही, पोषण ट्रॅकरमुळं (आमच्या नोंदींचं सरकारी अॅप) काही गोष्टी नीट झाल्यात, डबल नावं निघाली. पण त्यात गृहभेटीचं वेळापत्रक मुख्यतः गरोदर आणि स्तनदा मातांसाठी आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी आहे, ते बरोबरच आहे, पहिले हजार दिवस महत्त्वाचे आहेत हे मलाही पटतं, पण मग 3 ते 6 च्या लेकराच्या घरी कुणी जायचं? त्याच्या नावानं हजेरी आहे, आहार आहे, वजन-उंची आहे, घर नाही. वर 2025 च्या जुलैपासून टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, देताना मोबाईलवर चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. त्याच्या नोंदणीचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर असतो नवऱ्याचा, नवरा असतो रानात नाहीतर परगावी. आणि बँकेच्या फसवणुकीच्या बातम्या ऐकून ऐकून बायका ओटीपीचं नाव काढलं की दचकतात. एक आजी मला म्हणल्या, तू आमच्या घरी आधी लेकराचं विचारायला यायचीस, आता नंबर विचारायला येतीस. त्या रात्री मला झोप लागली नाही. इतक्या वर्षांत दारोदार जाऊन जो विश्वास कमावला तो असा सहा आकड्यांच्या नंबरपायी खर्ची पडताना बघवत नाही.

अंगणवाडी हा शब्दच बघा ना. 1945 ला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ, आणि तिथं गरीब वस्तीतली लेकरं शाळेत येईनात तेव्हा या बायका शाळाच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या, लेकरांना न्हाऊ-माखू घालण्यापासून सुरुवात केली, मग गाणी, मग पाटी. तिथून हे नाव आलं, पुढं 1957 ला काम कोसबाडला आदिवासी भागात गेलं. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर झाली, त्यात पूर्व-शालेय शिक्षण पहिल्या दिवसापासून आहे, खिचडीचा नंबर त्याच्याबरोबरीचा. म्हणजे घराच्या अंगणात जाणं हे आमचं जादाचं काम नाही, कामाची सुरुवातच तिथून आहे. आमच्या ट्रेनिंगमध्ये ताराबाईंचा फोटो असतो, त्यांच्यासारखं अंगणात बसायला मात्र टाइमटेबलमध्ये जागा नसते.

आता सध्याचं. दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले, मुकादमाकडून उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते त्यामुळं थांबणं कुणाच्या हातात नसतं, रोज पहाटे एखादी टोळी निघते, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. शाळेतल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, गावात राहता येतं. तीन-चार वर्षांच्या लेकराला वसतिगृहात कोण ठेवणार? त्यातली काही आजीजवळ राहतात, बाकीची आईबापासोबत कोपीवर (तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत) जातात, पहाटेच्या थंडीत उसाच्या फडात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच महिने त्यांचं शिक्षण म्हणजे फडाच्या बांधावर लहान भावंड सांभाळणं. माझ्या 31 पैकी 14 यंदा जाणार आहेत.

मी माझ्यापुरतं एक करते. जायच्या आधी प्रत्येक घरी जाते आणि एक कापडी पिशवी देते, त्यात खडू, चित्रांची दहा-बारा कार्डं, ओवायला मणी आणि दोरी, लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स आणि वजनाची चिठ्ठी. आईला सांगते की तिथं जवळ अंगणवाडी असली तर ही चिठ्ठी दाखवा, ताई नाही म्हणली तर तिथूनच मला फोन लावा. आणि रात्री आठ-साडेआठला व्हॉट्सअॅपवर एक गाणं किंवा गोष्ट रेकॉर्ड करून पाठवते, दोन मिनिटांची, जास्त मोठी पाठवली तर त्यांचा डेटा जातो. दिवसभर फडात राबलेली आई चुलीपुढं फोन ठेवते आणि लेकरू ऐकतं. कधी तिकडून उलटा व्हॉइस मेसेज येतो, बाई, आज मी बैलाला वाढं टाकलं. त्या एका वाक्यात लेकरू बरं आहे, जेवलंय, बोलतंय, सगळं कळतं मला. मार्चमध्ये परत आल्यावर अशी लेकरं पहिल्या दिवशी रडत नाहीत, सरळ येऊन त्यांच्या जागेवर बसतात.

मानधनाचं मी आज काढत नाही, ते वेगळं लिहीन. आज मागणं एवढंच आहे की आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्हाला 3 ते 6 च्या लेकरांच्या घरी जायला मोकळ्या द्या, त्या दोन दिवशी फोटो नको, लोकेशन नको, अॅपमध्ये एंट्री नको, सुपरवायझर मॅडमनी महिन्याला एकदा दोन-चार घरी स्वतः जाऊन विचारावं की ताई आल्या होत्या का, काय बोलल्या. तेवढी तपासणी पुरे. आणि कारखाना परिसरातल्या अंगणवाड्यांना हंगामाआधीच सांगून ठेवावं की बाहेरगावचं लेकरू दारात आलं तर आधी आत घ्या, नोंदीचं नंतर बघा. ज्या पालकांनी ते पत्र लिहिलं त्यांनाही हात जोडून विनंती, एक दिवस सकाळी तुमच्या गावच्या अंगणवाडीत तासभर बसून बघा. काही चुकीचं दिसलं तर त्या ताईला तिथंच सांगा, तिला एकटीला, ती ऐकेल.

14 पैकी 11 घरी पिशव्या पोचल्यात. राहिलेल्या तीन घरांचा ट्रॅक्टर पहाटे चारला येणार आहे असं आत्ताच कळलं, म्हणून पत्र इथंच थांबवते, आज रात्रीच जाऊन यावं लागेल.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, ता. धारूर, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती)