दुसऱ्या पंगतीचं सिमकार्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आमच्या कोथरूडमधली निम्मी मंडळी मुलांकडे अमेरिकेला निघतात. भाजणी, मेतकूट, सहा महिन्यांच्या गोळ्या, सगळ्याची यादी होते. फोनचं मात्र 'तिकडे गेल्यावर बघू'. माझंही तेच झालं, आणि मी टेलिफोन खात्यात 31 वर्षं काढलेला माणूस! म्हणून हे पत्र.

न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे सहा महिने राहून आलो. अमेरिकेत देशभर स्वतःचं जाळं असलेल्या मोठ्या कंपन्या तीनच : व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. स्प्रिंट होती, ती 2020 मध्ये टी-मोबाइलमध्ये विलीन झाली. यांच्याकडे एका माणसाचं अनलिमिटेड बिल महिन्याला 60 डॉलरच्या आसपास किंवा वरच जातं. म्हणून आपल्यासारख्या पाहुण्यांना सगळे दुसऱ्याच कंपन्या सुचवतात. त्यांचा स्वतःचा टॉवर नसतो. या कंपन्या मोठ्यांकडून मिनिटं आणि डेटा घाऊक भावात घेतात आणि स्वतःच्या नावाचं सिम विकतात; मी त्यांना 'घाऊकवाले' म्हणतो. मिंट आणि टेलो टी-मोबाइलच्या टॉवरवर चालतात, व्हिजिबल व्हेरायझनच्या. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच आता मोठ्यांच्याच घरातल्या आहेत. व्हिजिबल व्हेरायझनचीच, क्रिकेट नावाची कंपनी एटी अँड टीची, आणि मिंट 2024 मध्ये टी-मोबाइलकडे गेली.

मी फक्त दर पाहिला. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर महिन्याला आणखी स्वस्त पडत होतं, भरून टाकले. सिम पोस्टाने आलं, घातलं, तर घरात रेंजची एकच दांडी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहिलं तर दोन. लेक-जावयाचे फोन दुसऱ्या नेटवर्कचे, ते तळघरातसुद्धा वाजायचे. वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून फोन लावायची सोय, सुरू करायला गेलो, तर इथून नेलेल्या माझ्या मॉडेलवर ती कंपनी ते चालूच देत नव्हती. पैसे परत मागायची मुदत होती, पण ती जेट लॅगच्या झोपेतच संपली.

फोनच्या मॉडेलचं हे प्रकरण वाटतं तितकं साधं नाही. तिकडे 2022 मध्ये तिन्ही कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, तेव्हापासून बोलणंसुद्धा फोरजी-फाइव्हजीवरूनच होतं. इथे विकले जाणारे काही फोन तिकडचे सगळे बँड (टॉवरच्या लहरींचे पट्टे) पकडत नाहीत, काहींवर इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाही. निघण्याआधी *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे आपल्या फोनचा ओळख क्रमांक, काढावा आणि ज्या कंपनीचं सिम घ्यायचं तिच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. पाच मिनिटांचं काम आहे. मी केलं नाही.

दुसरी गोष्ट कळली ती ओक ट्री रोडवर, शनिवारी संध्याकाळी. साड्यांची दुकानं, मिठाया, चाटवाले, सगळं भरून वाहत होतं. मला नकाशा उघडायचा होता. फोनवर गोल फिरतंय, फिरतंय. सोबतच्या गुजराती शेजाऱ्यांचा फोन माझ्याच नेटवर्कचा, पण थेट मोठ्या कंपनीकडून घेतलेला. त्यांचा नकाशा चटकन उघडला. टॉवरवर गर्दी झाली की मोठी कंपनी आधी आपल्या थेट ग्राहकांना वाढते. घाऊकवाल्यांची गिऱ्हाइकं बहुतेक प्लॅनमध्ये दुसऱ्या पंगतीला. जेवण तेच, पण वाढपी आपल्यापाशी उशिरा येतो. एरवी, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, मला काही फरक जाणवला नाही, हेही सांगायला हवं.

आणि खरं म्हणजे आपल्याला लागतं किती? घरी वाय-फाय असतं, भारतात बोलणं व्हॉट्सॲपवर होतं. बाहेर फिरायला गेलं तर नकाशा आणि 'घ्यायला ये' एवढा एक फोन. महिन्याला दोन जीबी मला पुरून उरायचे. अनलिमिटेडच्या मोहात पडू नये, आणि पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरावेत, मग तो महिना दोन-तीन डॉलरने महाग पडला तरी चालेल. काही कंपन्या ई-सिमवर (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) थोडे दिवस फुकट वापरूनही पाहू देतात.

इथलं सिम मात्र काढून डबीत ठेवू नका. दुसऱ्या खाच्यात राहू द्या, आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधीच सुरू करून घ्या, डेटा रोमिंग बंद ठेवा आणि रिचार्ज संपू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

आपल्याकडे असे घाऊकवाले का दिसत नाहीत, असं जावयाने विचारलं. परवान्याची सोय केंद्राने 2016 मध्येच केली आहे, पण आमच्या चौकातल्या रिचार्जच्या दुकानात असं एकही सिम मी अजून पाहिलेलं नाही. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले तेव्हा या घाऊकवाल्यांची आठवण झाली. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले चौघे येत्या महिन्यात निघताहेत. प्रत्येकाला मी एकच काम दिलंय : मुलाला किंवा सुनेला फोन करायचा आणि विचारायचं, आम्ही झोपणार त्या खोलीत कुठल्या नेटवर्कची रेंज चांगली येते? तिघांची उत्तरं आली आहेत, तिन्ही वेगवेगळी.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे